तंटामुक्तीची पाटी लागली, गाव शांत झालं का?

पांझराकाठ (धागा सुरू करणारा)

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या बऱ्याच वेशींवर त्या पाट्या अजून आहेत, रंग उडालेल्या का होईना. मोहिमेने भांडणांचे चार कप्पे केले होते: दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर. मिटलेल्या तंट्यांची नोंद व्हायची आणि लोकसंख्येच्या हिशोबाने बक्षीस मिळायचं. मोजता येईल तेच मोजलं, त्याला नाव ठेवायचं कारण नाही.

आता पुढचं. पोलीस ठाण्याच्या वहीत गावाचं नाव नाही, कोर्टात दावा नाही, एवढ्यावरून गावात शांतता आहे असं म्हणता येईल का? तक्रार नाही याचा अर्थ मिटली असाही होतो, आणि करणाऱ्याला उद्या त्याच माणसाच्या वावरात मजुरीला जायचंय म्हणून तो गप्प आहे असाही होतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

माहितगारांनी लिहावं: शांतता कशाने टिकते, ती कोणी आणि कशी राखायची, कुठे बिघडते. दोन विनंत्या. पक्षाचं राजकारण नको. आणि 'आमच्या भाऊबंदाने काय केलं' हेही नको, त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तो कधीच संपत नाही.

सातपुडा_पायथा

जाणकारांत ही विभागणी जुनी आहे. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६० च्या दशकात ती नीट मांडली: नुसती मारामारी नसणं ही एक शांतता, आणि माणसाचं नुकसान करणारी समाजाची रचनाच नसणं ही दुसरी. हात कोणी उगारत नाही, तरी व्यवस्थेमुळे एकाचं पोर शाळेबाहेर राहतं आणि एकाची जमीन जाते. याला त्यांनी १९६९ साली संरचनात्मक हिंसा म्हटलं.

आपल्याकडचं उदाहरण शहाद्याचं. १९७० च्या आधी तापीकाठच्या त्या काळ्या जमिनीत 'तंटा' फारसा नव्हता. सालदार आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरायचा, वर्षभर राबायचा. भिलांच्या जमिनी गहाणवटीने, उसनवारीने, अंगठ्याच्या कागदाने दुसऱ्यांच्या नावावर जात होत्या, आणि त्या जाताना आवाज होत नव्हता. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, मोर्चे निघाले, तेव्हा पेठेतल्या लोकांना वाटलं शांतता बिघडली. पण पुढे आदिवासींना जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनींना तो लागू झाला. म्हणजे आधीचा सतरा वर्षांचा 'शांत' काळ कायद्यानेच उघडून तपासायला घेतला.

त्याहून जुनं हवं असेल तर १८१८ ते १८२५ बघा. खानदेश ताब्यात आल्यावर इंग्रजांनी सात वर्षं भिलांवर पलटणी घातल्या आणि काही साधलं नाही. १८२५ ला धोरण बदललं: माफी, शेतीला तगाई, आणि आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्ल पलटणीत चाकरी. दंगे कमी झाले. पण जंगल आणि घाट कोणाचे, हा प्रश्न तसाच ठेवला. १८५८ च्या एप्रिलमध्ये आंबापाणीला लढाई झाली. सेंधव्याच्या घाटाची राखण करायला ज्याला नेमलं होतं, तो खाज्या नाईकच समोर उभा होता. चाकरी दिली, हक्क दिला नाही, तर एवढंच टिकतं.

बांधकोर

इतिहास बरा आहे, पण गावात रोजची धग बांधाची असते, त्यावर लिहितो.

बांध कोरणं एका रात्रीत होत नाही. ट्रॅक्टरचा फाळ दरवर्षी वीतभर आत येतो. ६०० फूट लांबीच्या बांधावर दीड फूट सरकलं तर ९०० चौरस फूट झालं. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे सगळं भांडण गुंठ्याच्या आतलं. त्यासाठी दोन पिढ्या तारखा करतात. जमिनीच्या किमतीवर हिशोब केला तर वेडेपणा दिसतो. पण लोक गुंठ्यासाठी भांडतच नाहीत. 'आज गप्प बसलो तर पुढच्या वर्षी अजून येईल' या धास्तीपोटी भांडतात. धास्ती काढायची तर खूण पक्की करा.

१) तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज. सोबत ताजा सातबारा, मोजणी फी, आणि लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं-पत्ते. इथेच बहुतेक अर्ज फसतात. लगतचा मयत असेल आणि वारस लावलेले नसतील तर नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने निघते, आणि मोजणी झाल्यावर वारस उठून म्हणतात, आम्हाला कळवलंच नाही. आधी वारसनोंद, मग मोजणी.

२) मोजणी पीक निघाल्यावर. उभ्या कापसात किंवा केळीत लाइन सरळ धरता येत नाही, आणि पीक तुडवलं म्हणून नवं भांडण लागतं. कापूस उपटल्यापासून पाऊस लागेपर्यंतचे महिने बरे.

३) भूकरमापक खुणा दाखवेल, पण दगड रोवणं आपल्याला त्याच दिवशी करायचं असतं. दगड, पहार, चुना आदल्या दिवशी बांधावर नेऊन ठेवा. खड्डा दोन-अडीच फूट, दगड निम्म्याहून जास्त जमिनीत. दगडाखाली विटांचे तुकडे किंवा कोळसा पुरला तर वरचा दगड उद्या कोणी हलवला तरी जागा सापडते. नुसती चुन्याची रेघ पहिल्या पावसात गेली.

४) 'क' प्रत (मोजणीच्या नकाशाची प्रत) हातात आली की झेरॉक्स शेजाऱ्याला आपणहून द्या. त्याला नंतर अर्ज करून मिळवावी लागली तर संशय तिथूनच सुरू होतो.

झुल्लर

तंटामुक्त गावमाच जास्ती तंटा ऱ्हातस भो. फक्त रजिस्टरमा नहीत. 😄

पांझराकाठ

@बांधकोर, विटांचे तुकडे पुरण्याची गोष्ट कामाची. @झुल्लर, हसलो, पण धागा त्याच्यावरच आहे.

पाटकरी_नाना

बांधाचं भांडण दोघांचं असतं, पाण्याचं अख्ख्या गावाचं. शांतता राखणारी व्यवस्था कशी असते ते समजायला पांझरा, मोसम आणि आरमच्या खोऱ्यातली फड पद्धत बघा. तीन-चारशे वर्षं जुनी म्हणतात.

नदीत बंधारा. तिथून दोन ते बारा किलोमीटर लांबीचा पाट, सेकंदाला ४५० लिटरच्या आसपास वाहणारा. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून वावरात नेणारे सारंग, जास्तीचं पाणी परत नदीत सोडायला सांडवे. भिजणाऱ्या क्षेत्राचे बहुधा चार फड. यंदा कोणत्या फडाला पाणी आणि कोणता पडीक, हे सगळं गाव बसून ठरवतं. एका फडात एकच पीक.

ही शेवटची अट लोक परंपरा म्हणून सांगून मोकळे होतात, पण सगळी युक्ती तीत आहे. फडात सगळ्यांचा ऊस असेल तर सगळ्यांना पाणी एकाच वेळी आणि सारखंच लागतं. कोणाला जास्त गेलं ते बांधावर उभं राहिलं की दिसतं. शेजारी-शेजारी ऊस, गहू आणि हरभरा असता तर प्रत्येकाकडे आपली वेगळी सबब असती. दुसरं म्हणजे दरेकाचा तुकडा जवळपास प्रत्येक फडात असायचा. त्यामुळे एखादा फड पडीक ठेवला तरी एकटा माणूस बुडत नव्हता. आणि तिसरं, पाणी पाटकरी देणार, शेतकरी नाही. मालकाने स्वतः दार फोडायचं नाही. राखणीला जागल्या, वर हवालदार, आणि त्यांचा मेहनताना सगळ्यांकडून.

आजही कालव्याची चारी किंवा बंधाऱ्याचा पाट असेल तर पाळीपत्रक असं बांधा. धरा चारीत सेकंदाला ३० लिटर पाणी आहे, म्हणजे तासाला १०८ घनमीटर. एका एकरावर साडेसात सेंटिमीटर उभं करायला ३०३ घनमीटर लागतं. कागदावर पावणेतीन तास झाले. कच्च्या चारीत तिसरा हिस्सा गळतीत जातो असं धरून चाला, मग एकरी सव्वाचार तास. ४० एकरांना १७० तास.

बिघडतं कुठे?

चारी कोरडी असताना पहिलं पाणी भिंती आणि तळ पितात. तो वेळ पहिल्या पाळीवाल्याच्या खात्यात धरला तर तो ओरडतो, शेवटच्याच्या धरला तर त्याला पाणीच पोचत नाही. चारी भरण्याचा वेळ सामाईक खात्यात टाका, पाळी सुरू व्हायच्या आधी. उलट, दार बंद केल्यावर चारीत उरलेलं पाणी शेवटच्याला फुकट मिळतं. तेवढी मिनिटं त्याच्या पाळीतून वजा करा. बारीक वाटतं, पण दरवर्षीच्या शिव्या इथूनच सुटतात.

पाळी शेपटाकडून सुरू करा. वरचा माणूस चारीच्या तोंडाशी असतो, त्याला पाणी दिसत राहतं म्हणून धीर धरता येतो. खालच्याला दिसत नाही, म्हणून तो रात्री बॅटरी घेऊन वर येतो आणि मग काठ्या निघतात.

चारी साफ करणं पाळीशी जोडा. गाळ काढायला माणूस किंवा मजुरी दिली नाही तर पाळी शेवटी जाईल. रद्द मात्र करू नका. पाळी रद्द झालेला माणूस चोरूनच पाणी घेतो.

आणि सामाईक विहिरीचा एक नियम कोरून ठेवा: वाटणी झाली की हिस्सा फुटतो, पाळी फुटत नाही. चार आण्याच्या हिस्सेदाराचे दोन मुलगे वेगळे निघाले तर त्यांनी बापाची पाळी आपसांत वाटून घ्यावी, विहिरीवर नवा भिडू येत नाही.

दिवाणीवाला

नानांची पोस्ट छापून चावडीत लावावी अशी. मी कागदावर बोलतो, कारण तोंडी सलोखा पहिल्या मयतीपर्यंत टिकतो. ज्यांनी शब्द दिला ते जातात, पोरांना तो शब्द माहीत नसतो.

पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून 'समझोता' लिहितात आणि काम झालं समजतात. जमिनीतला हक्क देणारा-घेणारा कागद नोंदणीशिवाय कोर्टात उभा राहत नाही. पर्याय तीन.

शेतरस्ता असेल तर तहसीलदारांकडे जा. आधी चालू असलेला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, आणि अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सहा महिने 'बघू, बोलू' यात गेले की हा दरवाजा बंद. रस्ता मुळात नसेल आणि बांधावरून हवा असेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. तो निकाल पटला नाही तर वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. तडजोड झाली तरी ती तहसीलदारांसमोर सांगून आदेशात लिहून घ्या आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंद करून घ्या. मग जमीन विकली तरी रस्ता राहतो.

दुसरं म्हणजे लोकअदालत. दावा दाखल नसला तरी तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून देता येतं. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी वाचा. वाचता येत नसेल तर आपल्या माणसाकडून वाचून घ्या, समोरच्याच्या माणसाकडून नाही.

तिसरी सलोखा योजना, २०२३ ला आली. माझी जमीन तू कसतोस, तुझी मी कसतो, सातबारा उलटा, असं किमान बारा वर्षं चालू असेल तर अदलाबदलीचा दस्त हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फीमध्ये होतो. तलाठ्याच्या पंचनाम्याचं प्रमाणपत्र दस्ताला जोडायचं. क्षेत्र कमी-जास्त असलं तरी चालतं. मुदतीची योजना आहे, जाण्याआधी तलाठ्याकडे ती चालू असल्याची खात्री करा. खानदेशात भाऊबंदकीच्या अशा उलट्या वहिवाटी पोत्याने आहेत आणि निम्म्यांना ही सोय माहीत नाही.

रस्त्याच्या तडजोडीत रुंदी फुटात लिहा. 'गाडीवाट' लिहू नका. बैलगाडी वेगळी, ट्रॅक्टर वेगळा, आणि रावेर-यावलकडे केळीची गाडी वावरापर्यंत यायची तर दहा-बारा फूट हवेतच. वळणावर जास्त. कापणीला आलेली केळी वाट बघत नाही. गाडी अडली की मालाचा भाव जातो, आणि त्या दिवशी जे बोललं जातं ते दहा वर्षं विसरत नाहीत.

आखाजी_ताई

दादा लोक, बांध झाला, पाणी झालं, रस्ता झाला. आता घरात या.

तंटामुक्त समित्यांनी 'मिटवलेल्या' प्रकरणांत नवरा-बायकोचे वाद पुष्कळ असत. बाईला मारहाण, समिती बसते, नवरा कान धरतो, बाईला नांदायला पाठवतात, रजिस्टरमध्ये एक तंटा कमी. त्या बाईच्या लेखी काय मिटलं? समितीत कोणी तिला एकटीला विचारलं का, तिचे भाऊ आणि सासरे बाहेर बसलेले नसताना?

काही गोष्टी समितीसमोर आणायच्याच नाहीत. पोक्सो, बलात्कार, अॅट्रॉसिटी, सासरचा छळ (पूर्वीचं ४९८-अ, आता न्याय संहितेचं कलम ८५). हे गुन्हे गावबैठकीत तडजोडीचे नाहीत. कोणते गुन्हे आपसांत मिटवता येतात त्याची यादी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे, समितीच्या अध्यक्षाने ती खिशात ठेवावी. मारहाणीसाठी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो. त्याचा नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर असला पाहिजे. ग्रामपंचायतीच्या फलकावर नको, तिथे बायका वाचत उभ्या राहत नाहीत.

दुसरं, वाळीत टाकणं. एखाद्या घराला पाणवठ्यावर, लग्नात, किराणा दुकानात बंदी, आणि गाव 'एकदिलाने' शांत. २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. जातपंचायतीने 'दंड भर, आत घेतो' म्हणणं हीसुद्धा तडजोड नाही, गुन्हा आहे.

ओळखायचं कसं विचारता? ग्रामसभेचं इतिवृत्त काढा आणि कोण बोललं ते बघू नका. वर्षभरात कोणत्या वस्तीतून एकही माणूस बोलला नाही ते बघा. पाण्याच्या टाकीपासून शेवटचा नळ कोणत्या आळीत आहे तेही त्याच दिवशी बघून घ्या. बहुतेक वेळा उत्तर एकच निघतं.

बांधकोर

ताई, पटलं. तरी एक शंका. सगळंच कलमावर आणलं तर गावपण काय राहिलं? पूर्वी चार जाणती माणसं पारावर बसून मिटवायची, चहाच्या खर्चात.

आखाजी_ताई

बसायची ना. त्या चौघांत बाई किती असायच्या, आणि वस्तीवरचे किती? पार चांगला आहे, फक्त तिथे बसायला जागा सगळ्यांना हवी.

दिवाणीवाला

@बांधकोर, दोन्हींचं काम वेगळं आहे. पारावर मन वळतं, कागदावर ते टिकतं. उलट क्रमाने केलं, म्हणजे आधी नोटीस आणि मग बोलणी, तर बोलणी होत नाहीत.

कोयता_हिशोब

कोणीच न लिहिलेली गोष्ट: दिवाळीनंतर नंदुरबार आणि धुळ्याच्या डोंगरपट्टीतले पाडे फार शांत असतात. अर्धी माणसं सुरतकडे ऊसतोडीला गेलेली असतात. म्हातारे, कोंबड्या आणि कुलपं. तंटा करायला आहे कोण?

तिथली गाठ उचलीत आहे. मुकादम पावसाळ्यात, घरातलं धान्य संपलेलं असताना, जोडीला आगाऊ पैसे देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. तोडलेल्या टनावर मजुरी धरून उचल फेडायची. हंगाम पावसाने किंवा कारखान्याने लवकर आटोपला तर फिटत नाही आणि पुढच्या वर्षाला चिकटते. वही मुकादमाकडे. टनाचा आकडा काट्यावर, आणि काटा कारखान्यावर. कोणी भांडत नाही, कारण भांडलं तर पुढची उचल नाही.

निघण्याआधी करायची कामं आहेत, ती ग्रामपंचायत आणि शाळा सहज करू शकतात. उचल घेताना रक्कम, तारीख, दर टनी मजुरी आणि मुकादमाची सही दोन प्रतींत, एक मजुराकडे. वही नसेल तर मोबाइलवर मुकादमाच्या वहीच्या पानाचा फोटो, दर आठवड्याला. रेशनकार्डाचं आधार जोडलेलं असेल तर गुजरातेतही धान्य उचलता येतं, पण ठसा उमटत नसेल तर तिथे कोणी दाद घेत नाही, ते इथेच दुरुस्त करून जायचं. मूल सोबत जाणार असेल तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड. आणि मूल मागे राहणार असेल तर कोणाकडे राहणार त्या माणसाचं नाव शाळेत लिहिलेलं असावं, नुसतं 'आजीकडे' नको.

कमी उचल लागली तर माणूस मोकळा. म्हणून पावसाळ्यातलं धान्य आणि काम हा शांततेचाच विषय आहे, कल्याणाचा वेगळा कप्पा नाही.

सातपुडा_पायथा

@कोयता_हिशोब, अगदी. त्याला जोडून वनहक्क. २००६ च्या कायद्याने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर, नावावर होऊ शकते. दावा मान्य झाला तरी गाव शांत होईलच असं नाही, कारण दोन पाड्यांच्या चराईच्या आणि लाकूडफाट्याच्या हद्दी एकमेकांत घुसलेल्या असतात. त्याची पद्धत नियमातच आहे: दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं, कोण कशासाठी कुठपर्यंत जातं ते लिहून आपापल्या ग्रामसभेला द्यायचं, आणि मगच जमलं नाही तर उपविभागीय समिती. लोक ही एकत्र बैठक गाळून थेट वर जातात, तिथून निकाल आला की हरलेला पाडा रात्री झाडं तोडतो.

एकत्र बैठकीत नकाशा नंतर काढा, आधी चालत जा. दोन्हीकडची जुनी माणसं आणि गुरं वळणारी पोरं सोबत. नाला, मोठं झाड, देवाचा दगड अशा खुणांना दोन्हीकडची नावं लिहा, कारण एकाच नाल्याला दोन पाडे दोन नावांनी ओळखतात आणि भांडण तिथेच असतं.

राखणीसाठी साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघण्यासारखं. चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली तो पाडा. जंगल राखायचे नियम गावाने स्वतः केले आणि मोडणाऱ्याला दंडही गावानेच लावला.

बाजारपेठ_चौक

गाव सोडून शहरावर. सणाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. फोटो, चहा, 'आपलं गाव एकोप्याचं' अशी भाषणं. सणाच्या आदल्या आठवड्यात फक्त भाषणं होतात. मिरवणुकीचा रस्ता, थांबे, वाद्य कुठे बंद, अजानची वेळ कोणती, विजेच्या तारा कुठे खाली आहेत, हे महिनाभर आधी दोन्हीकडच्या मंडळांच्या पोरांनी सोबत चालून ठरवायचं. अध्यक्षांनी नाही. मिरवणुकीत पुढे पोरं असतात, अध्यक्ष मागे जीपमध्ये.

आणि अफवा. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरच्या अफवेपायी भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. त्या पाच जणांशी तिथल्या कोणाचंही भांडण नव्हतं. या धाग्याचा प्रश्न तिथे कायमचा लिहिलेला आहे: भांडण शून्य होतं, आणि अनोळखी माणसाची विचारपूस करायची रीतही शून्य होती.

ती रीत अशी लावता येते. गावात फिरणारे, पाल टाकणारे लोक आले की पोलीस पाटलाकडे नाव, मूळ गाव, ओळखपत्राची नोंद, आणि ती नोंद झाल्याचं त्याच दिवशी गावच्या ग्रुपवर: 'अमुक समाजाची इतकी माणसं आहेत, कागद बघितले आहेत.' बाजाराच्या दिवशी पाटील किंवा त्याने नेमलेला माणूस बाजारात हजर. अफवेचा व्हिडिओ आला तर ग्रुप तासाभरासाठी फक्त अॅडमिनपुरता करायचा, आणि खोडताना तो व्हिडिओ पुन्हा टाकायचा नाही. लोक मजकूर वाचत नाहीत, चित्र बघतात. खुलासा लिहून नको, पाटलाच्या आवाजात, शक्यतो अहिराणीत. ओळखीच्या आवाजाला लोक थांबतात.

झुल्लर

बठा मोठा मानसं बोलनात. मन्हा एकच सवाल, नानाले. १७० तासनी पाळी म्हंजे सात दिन. मंग ज्याले रातनी पाळी उनी, त्याले दर हप्ताले रातनीच ना? बिबट्या फिरतस आते ऊसमा.

पाटकरी_नाना

बरोबर पकडलंस. सात दिवसांचं चक्र ठेवलं तर तेच होतं, आणि रात्रीचा माणूस बहुधा गरीब किंवा एकटा असतो, कारण पत्रक करताना तो हजर नसतो.

चक्र साडेसात दिवसांचं करा, १८० तास. १७० पाळीचे, १० चारी भरायला आणि फुटलेलं बांधायला. दर फेरीला प्रत्येकाची वेळ बारा तासांनी सरकते, म्हणजे या खेपेला रात्री दोनला आलेल्याला पुढच्या खेपेला दुपारी दोन. कोणाची शिफारस लागत नाही. पत्रकावर वाराऐवजी तारीख आणि तास लिहा, नाहीतर लोक 'माझा मंगळवार' धरून बसतात. रात्रीच्या पाळीला दोन लगतच्या खातेदारांनी एकमेकांसोबत थांबायचं, हेही पत्रकातच लिहा, तोंडी नको. एका माणसाने दार धरायचं, दुसऱ्याने बॅटरी. पत्रक पोळ्याच्या आधी करा. पोळा झाला की जो तो रब्बीच्या घाईत असतो, मग बैठकीला माणसं जमत नाहीत.